गाडीतच संसार: कॅराव्हॅनमध्ये कायमचं फिरायचं, तर महिन्याला खरंच किती लागतात?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचा महिन्याचा खर्च कागदावर मांडायला शिकलो. आजचा धडा तोच आहे, फक्त यावेळी हिशेबाला चाकं लागली आहेत. वही-पेन घेऊनच बसा, कारण हा लेख नुसता वाचून उपयोग नाही.

झालं असं, की लातूरच्या बॅचमधला माझा एक विद्यार्थी आणि त्याची बायको एका रविवारी नांदेडला माझ्या दुकानावर आले. अहमदपूरला त्यांचं रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे. मोठी मुलगी चौथीला, धाकटा बालवाडीत. घरी आई-वडील. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, "सर, दुकान देऊन टाकतो. जुनी ट्रॅव्हलर घेतो, आतून घर करून घेतो आणि चौघं मिळून भारत फिरतो. व्हिडिओ टाकत राहू. महिन्याला ३५ हजारात आरामात भागतंय बगा."

मी कागद बघितला. त्यावर पाच ओळी होत्या:

- डिझेल: १५,०००
- किराणा आणि गॅस: १०,०००
- टोल, पार्किंग: ३,०००
- मोबाईल, इंटरनेट: १,५००
- किरकोळ: ५,५००
- एकूण: ३५,०००

बेरीज बरोबर होती. पण वहिनी सगळा वेळ गप्प होत्या. बायको गप्प असली की हिशेबात काहीतरी राहिलंय, हे मला माझ्या घरून माहीत आहे.

मी त्यांना "जा" म्हणालो नाही आणि "जाऊ नका" असंही म्हणालो नाही. आम्ही दुपारभर बसून हा कागद परत मांडला. त्या दोघांची परवानगी घेऊन तोच हिशेब इथं देतोय. आकडे थोडे गोल केले आहेत. तुमचे आकडे वेगळे येतील, पद्धत तीच राहील.

आधी माझं सांगतो

मलाही हा किडा चावला होता. जानेवारी २०२३ मध्ये मी पुण्याहून एक कॅराव्हॅन ११ दिवस भाड्यानं घेतली. आम्ही चौघं. वाई, कोल्हापूर, मालवण, गणपतीपुळे करून परत पुणे. साधारण १,३०० किलोमीटर झाले. माझा हिशेब असा:

- गाडीचं भाडं, दिवसाला ६,५०० प्रमाणे ११ दिवस: ७१,५००
- डिझेल, लिटरला ९ किलोमीटर आणि ९२ रुपये दराने: १३,३००
- टोल, पार्किंग, जेवणखाण आणि दोन रात्रींचं लॉज: १९,२००
- एकूण: १,०४,०००

म्हणजे दिवसाला साडेनऊ हजाराच्या आसपास. तुम्ही म्हणाल, स्वतःची गाडी असती तर लॉज कशाला लागलं असतं? मलाही तसंच वाटलं होतं. पण पाचव्या रात्री आम्ही रस्त्याकडेला गाडी लावली, तर एक वाजता कुणीतरी काच वाजवून उठवलं, "इथं थांबायचं नाही." मुलं घाबरली, परत झोपली नाहीत. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "आज खोली बघा. मला दार लावून झोपायचंय." आणि कपडे धुवायचे होते, ते वेगळंच.

पण सगळ्यात मोठा खर्च या कागदावर नाहीच. तरोडा नाक्याकडं माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. ११ दिवस धाकटा भाऊ बसला होता. माल ओळखीचा, भाव ठरलेले, सगळं ठीक चाललं. पण एक वायरमन मामा, आठवड्याला हमखास चार-पाच हजाराचा माल नेणारे, त्या काळात दोनदा येऊन गेले. त्यांना हवी ती वायर भावाला सापडली नाही. ते दुसऱ्या दुकानात गेले आणि तिथंच रुळले. परत यायला त्यांना चार महिने लागले. तो खर्च मी कुठल्या रकान्यात लिहू? तो रकाना सापडावा म्हणूनच आजचा धडा आहे.

पहिली पायरी: खर्चाचे चार डबे करा

कुठलाही धंदा असो, घर असो, फिरणं असो, खर्च एका यादीत लिहू नका. चार डब्यांत टाका.

डबा १: गाडी उभी असली तरी होणारा खर्च

जुनी ट्रॅव्हलर ९ लाखाला आणि आतलं काम ६ लाखाला, असे १५ लाख धरले. त्यातले ८ लाख स्वतःचे आणि ७ लाखाचं कर्ज, १२ टक्क्यांनी ५ वर्षं.

- घसारा: १५ लाखाची गाडी ५ वर्षांनी ५ लाखाला गेली, तर १० लाख झिजले. महिन्याला १६,७००
- कर्जावरचं व्याज, सरासरी: ३,९००
- स्वतःच्या ८ लाखावर बँकेत ७ टक्क्यांनी मिळालं असतं ते व्याज: ४,७००
- विमा, टॅक्स, पीयूसी वगैरे: ३,०००
- एकूण: २८,३००

म्हणजे गाडी अंगणात झाकून ठेवली तरी दिवसाला साडेनऊशे रुपये जातात. त्यांच्या कागदावर या डब्यातली एकही ओळ नव्हती. "गाडी तर एकदाच घ्यायची ना सर?" असं ते म्हणाले. एकदाच घ्यायची, पण ती रोज थोडी थोडी संपते.

इथं एक चूक सगळेच करतात, ती टाळा. हप्ता आणि घसारा दोन्ही एकाच बेरजेत धरू नका, एकच खर्च दोनदा मोजला जातो. खरा खर्च काढताना घसारा आणि व्याज घ्या. खिशातून महिन्याला किती रोख जाणार हे काढताना घसारा सोडा आणि हप्ता घ्या. दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन वेगळे कागद करा.

डबा २: गाडी चालली की होणारा खर्च

- डिझेल, महिन्याला २,००० किलोमीटर: २०,५००
- सर्व्हिसिंग, टायर, ब्रेक, बॅटरी: ६,०००
- टोल, पार्किंग, मुक्कामाची जागा: ४,०००
- एकूण: ३०,५००

त्यांनी डिझेल १५ हजार धरलं होतं. त्यात महिन्याला साधारण १,४५० किलोमीटर होतात, म्हणजे दिवसाला ५० सुद्धा नाही. पण मोबाईलवर दाखवलेला नकाशा कन्याकुमारी ते स्पिती होता! मी म्हणालो, एकतर नकाशा लहान करा, नाहीतर आकडा मोठा करा.

या डब्यातली चांगली गोष्ट म्हणजे याची चावी आपल्या हातात असते. एका गावी दोन दिवसांऐवजी आठ दिवस राहिलात, तर डिझेल, टोल, टायर सगळं कमी होतं. जे लोक वर्षानुवर्षं गाडीत राहतात ते हळू फिरतात.

डबा ३: रोजचं जगणं

- किराणा, गॅस, बाहेरचं खाणं: १४,०००
- लॉज, महिन्यातून तीन रात्री: ४,५००
- कपडे धुणं, पिण्याचं पाणी: १,५००
- मोबाईल, इंटरनेट: २,०००
- एकूण: २२,०००

घरात किराणा महिन्याचा भरतो, डाळ-तांदूळ शेतातून येतो, दूध ओळखीचं असतं. गाडीत जागा नाही, त्यामुळं सगळं थोडं थोडं आणि किरकोळ भावात घ्यावं लागतं. पावसात, उन्हात, बायकोचं डोकं दुखत असताना त्या टीचभर ओट्यावर स्वयंपाक होत नाही. मग ढाबा.

डबा ४: मागं राहिलेलं घर

- आई-वडिलांचा किराणा, लाईट बिल, औषधं: ६,०००
- मुलांचं शिक्षण, ऑनलाईन क्लास, पुस्तकं: ४,०००
- आरोग्य विमा: २,०००
- लग्न, मयत, सणासाठी मधूनच गावी येणं: २,०००
- एकूण: १४,०००

हा डबा मी मांडायला घेतला तेव्हा वहिनींनी पहिल्यांदा मान वर केली. "मामंजींची शुगरची गोळी यातच का?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो, यातच. आपण घर सोडतो, घर आपल्याला सोडत नाही. चुलत भावाचं लग्न गुवाहाटीत गाडी लावून व्हिडिओ कॉलवर होत नाही.

दुसरी पायरी: बेरीज करा आणि महिने मोजा

२८,३०० + ३०,५०० + २२,००० + १४,००० = ९४,८००

हा खरा खर्च. दिवसाला ३,१६०.

आता दुसरा कागद, रोखीचा. यातून घसारा, सरासरी व्याज आणि बँकेचं न मिळालेलं व्याज काढा, ते २५,३०० होतात. राहिले ६९,५००. त्यात कर्जाचा हप्ता १५,६०० मिळवा. महिन्याला खिशातून जाणार ८५,१००.

दुकानाचा माल आणि डिपॉझिट मिळून ११ लाख येतील, ३ लाख शिल्लक आहेत. एकूण १४. त्यातले ८ गाडीत गेले. हातात राहिले ६ लाख.

त्यांच्या कागदाप्रमाणे ६ लाख १७ महिने पुरतात. आमच्या कागदाप्रमाणे ७ महिने.

मी पेन खाली ठेवलं. दोघं बराच वेळ काही बोलले नाहीत.

"पण सर, व्हिडिओतून पैसे येतील ना?"

येतीलही. पण जो पैसा अजून आला नाही, तो जमेच्या बाजूला लिहायचा नाही. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. हा फक्त उंबरा आहे, त्याच्या आत गेल्यावर किती मिळेल ते वेगळं. मी स्वतः चॅनल चालवतो म्हणून सांगतो, माझं घर आजही वायर, स्विच आणि पंख्यांवर चालतं.

मग ते म्हणाले, "गाडीतून टी-शर्ट विकीन." कल्पना चांगली आहे, पण तिचेही नियम आहेत. जीएसटी नोंदणीला धंद्याची मुख्य जागा दाखवावी लागते. दुसऱ्या राज्यात जागा नसताना तात्पुरता माल विकायचा असेल, तर तिथं कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन म्हणून वेगळी नोंदणी लागते. ती साधारण ९० दिवसांची असते आणि अंदाजे कर आधीच भरावा लागतो. दर राज्यात हे करत बसलात तर फिरणार कधी?

घर जे फुकट देतं, ते गाडीत विकत घ्यावं लागतं

काही गोष्टी घरात इतक्या सहज मिळतात, की त्यांना किंमत आहे हेच आपण विसरतो.

पाणी. लातूरकरांना हे सांगायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी. पाणी आपल्यापर्यंत वाहून आणायला काय लागतं, ते तेव्हा अख्ख्या शहरानं बघितलं. गाडीत शंभर लिटरची टाकी असते. चौघांची आंघोळ, भांडी, संडास धरला तर ती दुसऱ्या दिवशी रिकामी. मग पंपावर, मंदिरात, ढाब्यावर विचारत फिरा. घाण पाण्याची टाकी कुठं रिकामी करायची हा त्याहून अवघड प्रश्न.

वीज. हा माझा धंदा आहे, म्हणून नीट सांगतो. दीडशे अँपिअरच्या १२ व्होल्ट बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात. बॅटरी टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरायचे. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो. म्हणजे बॅटरीवर एसी तासभरसुद्धा नीट चालत नाही. छतावर दोन मोठे सोलर पॅनल बसवले, तर चांगल्या उन्हात दिवसाला अडीच-तीन युनिट येतात. पंखा, लाईट, मोबाईल, लॅपटॉप, लहान फ्रीज निघतो. एसी नाही. आता नांदेडचा मे महिना आठवा आणि पत्र्याच्या डब्यात दोन लेकरं झोपली आहेत असं समजा. मोठी लिथियम बॅटरी हा उपाय आहे, पण तिची किंमत विचारून बघा, सहा लाखाचं आतलं काम सहावर थांबत नाही.

पत्ता. आधार, मतदार यादी, बँक, शाळा, गॅस, कुरिअर, सगळ्याला पत्ता लागतो. त्यामुळं "घर सोडलं" म्हणणारे सुद्धा कुठंतरी एक घर धरूनच असतात.

शेजार. याला रुपयात मोजता येत नाही. पण रात्री दोनला मुलाला ताप भरला, तर कुणाचं दार वाजवायचं? त्या गावात कुठला डॉक्टर चांगला, हे कोण सांगणार?

कागदपत्रांचा खर्च विसरू नका

गाडी आतून बदलणं म्हणजे घराला फर्निचर करणं नव्हे. गाडीत कंपनीनं दिलेल्या रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत, असा निकाल सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये दिला आहे. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. म्हणून काम त्या नियमात बसवून देणाऱ्याकडूनच करून घ्या आणि आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. नाहीतर उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल आणि पंधरा लाख रस्त्यावर राहतील. कोपऱ्यावरच्या सुतारानं स्वस्तात करून दिलेली गाडी म्हणून महाग पडते.

आणखी एक. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केरळनंही त्याच वर्षी "केरवन केरळ" सुरू केलं. पण यांचा रोख आहे कॅराव्हॅन भाड्यानं देणाऱ्यांवर आणि कॅराव्हॅन पार्क काढणाऱ्यांवर. धंदा म्हणून बघायचं असेल तर ती बाजू जरूर अभ्यासा.

आपल्याकडचे जुने कॅराव्हॅनवाले

विद्यार्थ्याचा एक मुद्दा मात्र मला आवडला. ते म्हणाले, "सर, आधी लोक कायम फिरतच होते की. आमच्या तालुक्यात किती तांडे आहेत!"

अगदी बरोबर. तांडा म्हणजे मुळात कॅराव्हॅनच. लमाण-बंजारा समाज शेकडो वर्षं बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरला. किनाऱ्याकडचं मीठ आत आणायचं, आतलं धान्य बाहेर न्यायचं, फौजांना रसद पोचवायची. लमाण हा शब्दच लवण म्हणजे मिठावरून आला असं मानतात. बायका-पोरं, संसार सगळा सोबत. मग त्यांना ते कसं परवडत होतं? धंद्याच्या नजरेनं बघा, तीन कारणं दिसतात.

एक, त्यांचं इंधन फुकट होतं. बैल वाटेवरच्या गायरानात चरत पुढं जायचे.

दोन, ते रिकामे चालत नव्हते. जाताना एक माल, येताना दुसरा. रस्ता हाच त्यांचा धंदा होता. मागं बंद पडलेलं दुकान नव्हतं.

तीन, पावसाळ्यात ते थांबायचे. बाराही महिने चालणं त्यांनाही परवडत नव्हतं.

आणि हे गणित बिघडलं कशानं? रस्ते आणि रेल्वेनं. १९०० च्या सुमारास नांदेडवरून मनमाड–हैदराबाद रेल्वे गेली. वाघिणीत जेवढा माल एका दिवसात जातो, तेवढा बैलांच्या पाठीवरून न्यायला किती दिवस आणि किती माणसं लागतील? लोक आळशी झाले म्हणून तांडे थांबले नाहीत. वाहतुकीचा दर हातातून गेला म्हणून थांबले. आणि त्या थांबण्याची किंमत त्या समाजानं पुढं कित्येक वर्षं मोजली.

तमाशाच्या फडाचंही तसंच. मोठा फड म्हणजे ट्रक, बस, तंबू, जनरेटर, कलावंत, सगळं चाकावर. दसऱ्याला सुरू होतो, बुद्धपौर्णिमेच्या सुमाराला थांबतो. पण पुढच्या हंगामासाठी कलावंतांना उचल द्यावीच लागते. गाड्या उभ्या, तरी फडमालकाचा खर्च चालू. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळं ऐन चैत्रातल्या यात्रा बंद राहिल्या, तेव्हा फडमालक कर्जात गेले ते या डबा १ मुळं.

आपल्या नांदेड–लातूर रस्त्यावर माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. तिथं भांडी, घोंगड्या, खेळणी विकणारे दुकानदार बघा. त्यांनाही विचारा, पुढची यात्रा कुठली ते. पटकन सांगतील, कारण त्यांचा प्रत्येक मुक्काम गल्ल्याला जोडलेला असतो. आपल्या विद्यार्थ्याच्या नकाशात असा एकही मुक्काम नव्हता. म्हणजे ते सहल काढत होते आणि हिशेब धंद्याचा सांगत होते. सहल वाईट नाही. पण सहलीला साठवलेला पैसा लागतो, धंद्याला कमावणारा मार्ग लागतो. आपण कुठल्या गाडीत बसलोय ते आधी ठरवा.

अमेरिकेतही सगळे हौसेनं गाडीत राहत नाहीत. "नोमॅडलँड" या पुस्तकात आणि त्यावरच्या सिनेमात दिसतं, की २००८ च्या मंदीनंतर घर परवडेना म्हणून कित्येक वयस्क लोक गाडीत राहायला लागले आणि हंगामी कामं शोधत फिरले. आपण मोबाईलवर बघतो तो फक्त समुद्रकिनाऱ्यावरचा चहा.

तिसरी पायरी: विकत की भाड्यानं? समतोल दिवस काढा

हे सूत्र लिहून घ्या. गाडीचा वर्षाचा स्थिर खर्च भागिले एका दिवसाचं भाडं.

२८,३०० गुणिले १२ म्हणजे ३,३९,६००. भागिले ६,५००. उत्तर ५२ दिवस.

वर्षातून ५२ दिवसांपेक्षा कमी फिरणार असाल तर भाड्यानं घ्या, विकत घेऊ नका. मालकीच्या गाडीची सर्व्हिसिंग, टायर धरले तर हा आकडा आणखी वर जातो. हेच सूत्र जेसीबी, मंडप, जनरेटर, फूड ट्रक, कशालाही लावा. आपल्या भागात किती जणांनी महिन्यात चार दिवस लागणारं मशीन कर्ज काढून अंगणात उभं केलंय, तुम्हाला माहीतच आहे.

चौथी पायरी: परतीचा खर्च

हिशेब संपत आला होता. चहा झाला. तेव्हा वहिनी म्हणाल्या, "सर, एक विचारू का? परत आल्यावर आम्ही उतरायचं कुठं?"

त्यांचा अर्थ घराचा नव्हता. घर सासऱ्यांचं आहेच. त्या दुकानाचं विचारत होत्या. आठ वर्षं त्या दुपारी त्या दुकानात बसल्या आहेत. बायकांच्या कपड्यांचा अर्धा गल्ला त्यांच्या बोलण्यावर चालतो. हे मला त्या दिवशी कळलं आणि त्यांच्या नवऱ्यालाही बहुतेक त्याच दिवशी नीट कळलं.

मग आम्ही शेवटचा कागद केला. समजा सातव्या महिन्यात पैसे संपले आणि परत आलात. गाडी १२ लाखाला गेली, तीही गिऱ्हाईक मिळालं तर, कारण घर केलेल्या गाडीला घेणारे कमी. कर्जाचे अजून ६.४ लाख बाकी असतील. हातात येणार ५.६ लाख. नव्या जागेचं डिपॉझिट ३ लाख, माल ४ लाख, गिऱ्हाईक परत येईपर्यंत सहा महिने घरखर्चाचे दीड लाख. लागणार ८.५ लाख. कमी पडणार २.९ लाख. आणि ज्या जागेवर आठ वर्षं बसून ओळख झाली, ती मोक्याची जागा तेव्हा दुसऱ्याच्या ताब्यात असणार.

माझ्या वायरमन मामांचा खर्च याच रकान्यात बसतो. यालाच आपण वर्गात संधीचा खर्च म्हणतो: एक गोष्ट निवडल्यामुळं जी दुसरी गोष्ट सुटते, तिची किंमत. त्यांच्या दुकानातून सगळं जाऊन महिन्याला ३८ हजार सुटतात. ते बंद होणं हा फिरण्याचाच खर्च आहे, पण तो कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

मग काय ठरलं?

दुकान द्यायचं नाही, एवढं त्या दिवशी ठरलं. दिवाळीचा सीझन झाला की पंधरा दिवस गाडी भाड्यानं घ्यायची, दुकानात मावसभावाला बसवायचं. खर्चाची वही वहिनी लिहिणार, ते नाही. परत आल्यावर चौघांनाही, मुलीलासुद्धा, विचारायचं: आणखी जायचं का? सगळे हो म्हणाले तर पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड भागात दीड महिना. असं करत ५२ दिवस ओलांडले, तर मग गाडी विकत घ्यायचं बघू.

जाताना विद्यार्थी थोडे नाराज होते, खोटं कशाला सांगू. स्वप्नावर कुणी पेन चालवलेलं आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं. पण वहिनींनी जाताना चारही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

तुमचा गृहपाठ

१. तुमच्या मनात जो मोठा बदल आहे तो लिहा. गाडी, दुसरं दुकान, फूड ट्रक, पुण्याला जाणं, काहीही.

२. त्याचे चार डबे करा: थांबलं तरी होणारा खर्च, चाललं की होणारा खर्च, रोजचं जगणं आणि मागं राहिलेलं घर.

३. खरा खर्च आणि रोख खर्च हे दोन वेगळे कागद करा. हातातले पैसे किती महिने पुरतात ते काढा.

४. न आलेलं उत्पन्न शून्य धरा.

५. परतीचा खर्च काढा. तो हातात ठेवूनच निघा, त्याला हात लावायचा नाही.

६. कागद घरातल्या त्या माणसाला दाखवा, जो या विषयावर गप्प आहे. तो काय विचारतो ते खाली लिहून ठेवा.

सहावा प्रश्न सोडवल्याशिवाय पुढच्या व्हिडिओला येऊ नका. पुढच्या वेळी आपण उधारी वसुलीचं वेळापत्रक शिकणार आहोत. तोपर्यंत वही चालू ठेवा. भेटू.